नाक जोडणारा पुण्याचा कुंभार आणि ग्रँट मेडिकलची पहिली आठ पोरं : आपल्याकडे सर्जरी कोण कुणाला शिकवायचं?

पेठेतला (धागाकर्ता)

भाचा यंदा जनरल सर्जरीच्या पीजीला लागला. पेढे वाटून झाले आणि सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे "आपल्याकडे हे सगळं सुश्रुतापासून होतंच" सुरू केलं. भाचा वैतागून म्हणाला, आजोबा, सुश्रुत आणि माझं कॉलेज यांच्यात दोनेक हजार वर्षं आहेत, त्या मधल्या काळात कोण कुणाला शिकवत होतं ते सांगा की. सासरे गप्प. मीही गप्प, पण डोक्यात किडा गेला तो गेलाच.

तर सुरुवात आपल्या पुण्यातल्याच गोष्टीने करतो, बऱ्याच जणांना माहिती असेल पण तपशील कुणी सांगत नाही. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता, तो टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिचारा तसाच बिननाकाचा. मग पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्याने, म्हणजे विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसाने, त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, हे ऑपरेशन बघायला हजर होते आणि त्याची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आली. चित्र जेम्स वेल्सचं, म्हणजे ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवलं तोच.

आता पद्धत ऐका. आधी मेणाची पातळ चकती नाकाच्या जागेवर दाबून नाकाच्या आकाराची करायची. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोलायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी न कापता तशीच ठेवायची. जुन्या नाकाच्या थोटकाची कड तासून ताजी करायची, तिच्या मागे चीर द्यायची आणि कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणून त्या चिरेत बसवायची. टाके नाहीत! पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या. पाच-सहा दिवस माणसाने उताणं पडून राहायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला ती मधली पट्टी कापून टाकायची. बास.

कात आणि तूप. पानाच्या डब्यात आणि शिंकाळ्यावर असायचं तेच सामान.

मला छळतंय ते वेगळंच. पेशंटचं नाव आहे, साक्षीदारांची आहेत, चित्रकाराचं आहे. ज्याने नाक बसवलं त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. आणि तो हे शिकला कुणाकडून, आणि पुढे त्याने शिकवलं कुणाला?

---

शंकासुर

धागा झकास पण दोन शंका. एक, कावसजी हे पारशी नाव, पारशी माणूस बैलगाडी कशाला हाकेल? दोन, हा कुंभार सुश्रुत वाचून आला होता असं आता कुणीतरी म्हणणार, त्याआधीच मी आडवा पडून ठेवतो.

---

जुनी_पोथी

शंकासुरा, पहिल्याचं उत्तर त्या मजकुरातच आहे. शेती करणाऱ्या जातीतला मराठा असं स्वच्छ लिहिलंय. इंग्रज कानाने ऐकलेली नावं लिहायचे, तेव्हा मूळ नाव कावजी असावं असा माझा आपला अंदाज. कावजी हे आपल्याकडचं जुनं नाव आहे, शिवकाळातही सापडतं.

दुसऱ्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने, आश्चर्य वाटेल कदाचित :) सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नाक जोडणं आहे. पान नाकाएवढं कापून घ्यायचं, त्या मापाची कातडी काढायची, नाकपुड्यांत नळ्या घालायच्या, सगळं आहे. पण कातडी घ्यायची ती गालाची. गण्ड म्हणजे गाल. कपाळाचा पत्ता नाही. पुण्याचा माणूस कपाळाची घेत होता. म्हणजे मधे कधीतरी कुणीतरी गाल सोडून कपाळावर आला आणि ते पोथीत न लिहिता हातानेच पुढे गेलं. माझ्या मते 'सुश्रुताकडून थेट' यापेक्षा ही गोष्ट जास्त भारी आहे, कारण परंपरा जिवंत होती तर ती बदलत होती.

शिकवण्याबद्दल विचारलंत तर सूत्रस्थानाचा नववा अध्याय बघा, योग्यासूत्रीय. योग्या म्हणजे सराव. सगळं शास्त्र तोंडपाठ झालेल्या शिष्याकडूनही सराव करून घ्या, सराव नसेल तर तो कामाला नालायक, असं सुरुवातीलाच सांगून टाकलंय. मग यादी. कापायला शिकायचं कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांच्यावर. फोडायला शिकायचं पाणी-चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडायचं केसाळ कातड्यावर. शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर नाहीतर कमळाचा देठ. जखमेत सळई घालून शोध घ्यायला किडक्या लाकडाची भोकं. ओढून काढायला फणसाचा, बेलाचा गर आणि मेलेल्या जनावराचे दात. शिवायला जाडं-पातळ कापड आणि मऊ चामडं. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचं बाहुलं. डाग द्यायला मांसाचे तुकडे.

आणि शरीर आतून बघायचं असेल तर प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, मग कुंचल्याने हळूहळू कातडी घासत एकेक थर बघायचा. सुरी लावायची नाही, घासायचं.

---

टाकेघाल्या

व्यवसायाने सर्जन आहे, तीस वर्षं झाली, म्हणून राहवत नाही.

पेठेतले साहेब, तुम्ही 'मधली पट्टी' म्हणून एका वाक्यात उडवलीत ना, सगळी विद्या त्या पट्टीत आहे. कातडी पूर्ण कापून दुसरीकडे चिकटवली तर तिला रक्त कुठून मिळणार? एवढा जाड तुकडा काळा पडून सडेल. भुवयांच्या मधून वर जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, पट्टी ठेवली की कपाळाच्या कातडीला तिथून रक्त चालू राहतं आणि तोवर खालून नव्या जागेशी नवीन रक्तवाहिन्या जुळतात. मग पट्टी कापली तरी चालतं. आजही नाकाच्या कॅन्सरनंतर कपाळाच्या कातडीचं नाक करतो तेव्हा साधारण तीन आठवड्यांनी ती पट्टी कापतात. आमचे तीन आठवडे आणि त्या बाबाचे पंचवीस दिवस. हार्वे, रक्ताभिसरण वगैरे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण पट्टी लवकर कापली की नाक काळं पडतं हे त्याने किंवा त्याच्या बापाने कधीतरी डोळ्याने बघितलं असणार. कुणाच्या तरी नाकावर बघितलं असणार, हे पण लक्षात घ्या.

सरावाचं म्हणाल तर आम्ही हॉस्टेलच्या खाटेच्या दांडीला दोरा बांधून एका हाताने गाठ मारत बसायचो, सिनेमा बघताना खुर्चीच्या हाताला, लेक्चरला बाकाच्या पायाला. डोळ्यांवाले मित्र बोकडाचे डोळे आणायचे खाटकाकडून. टाके घालायला कोंबडीची तंगडी. पहिली दीड वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये मी रिट्रॅक्टर (चीर उघडी धरायचं अवजार) धरून नुसता उभा, पोटात नक्की काय चाललंय ते दिसायचं पण नाही कारण मधे सरांचं डोकं.

---

पेठेतला

टाकेघाल्या साहेब _/\_ सरांच्या डोक्याबद्दल सहानुभूती.

ती मॅगझिनमधली हकिगत लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने वाचली आणि अनेक वर्षं तो मढ्यांवर सराव करत राहिला (योग्या!). शेवटी २३ ऑक्टोबर १८१४ ला त्याने एका लष्करी अधिकाऱ्याच्या कपाळाची कातडी घेऊन नाक केलं. भूल नाही काही नाही, पंधरा मिनिटांत. जखमेवर बांधलेली पट्टी सोडली तेव्हा बरोबरचा माणूस ओरडला म्हणे, अरे देवा, नाक आहे! १८१६ ला पुस्तक काढलं आणि मग युरोपभर पसरलं. तिकडे या पद्धतीला 'इंडियन मेथड' म्हणतात. इंडियन. म्हणजे कोण? पुण्याच्या बाहेर विटा भाजणारा एक माणूस.

---

भायखळा_स्लो

मी जेजे हॉस्पिटलच्या भिंतीला लागून वाढलो, त्यामुळे हा भाग माझा.

मुंबईत इंग्रजांनी पहिली मेडिकल शाळा काढली ती ग्रँट मेडिकल कॉलेज नव्हे. १८२६ ला नेटिव्हांसाठी एक शाळा होती, डॉ. जॉन मॅक्लेनन नावाचा माणूस चालवायचा, शिकवणं देशी भाषांतून, मराठीत पुस्तकं करून घेतलेली. १८३२ ला सरकारने बंद केली. मग रॉबर्ट ग्रँट गव्हर्नर झाला, त्याने आणि डॉ. चार्ल्स मोरहेडने परत नेट लावला, १८३८ ला ग्रँट दापोडीला वारला, लोकांनी त्याच्या नावाने वर्गणी काढली. जमशेटजी जीजीभाईंनी हॉस्पिटलला लाखभर रुपये दिले आणि तेवढेच कंपनी सरकारने घालायचं ठरलं. हॉस्पिटल मे १८४५ ला उघडलं, कॉलेज १ नोव्हेंबर १८४५ ला, प्राचार्य मोरहेड. शिकवणं इंग्रजीत. हॉस्पिटल आणि कॉलेज शेजारी-शेजारी असणं हीच त्यात मुद्द्याची गोष्ट, खाटेवरचा माणूस दाखवल्याशिवाय डॉक्टर होत नाही हे मोरहेडचं ठाम मत.

१८५१ ला पहिली तुकडी बाहेर पडली. आठ जण. भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, सेबॅस्टियन कार्व्हालो, पॉल फ्रान्सिस गोम्स, जे. सी. लिस्बोआ, मेरवानजी सोराबजी, बरजोरजी दोराबजी. तीन हिंदू, तीन ख्रिस्ती, दोन पारशी. गंमत बघा, यातले आपल्याला आठवतात ते डॉक्टर म्हणून नाहीच. भाऊ दाजी म्हटलं की राणीच्या बागेतलं म्युझियम आणि शिलालेख, आत्माराम पांडुरंग म्हटलं की १८६७ ची प्रार्थना समाज, आणि लिस्बोआ वनस्पतीवाल्यांना माहीत.

---

शंकासुर

यादी वाचली. यात कुंभार, न्हावी, वैदू कुठेत?

---

मांडवीकाठ

मुंबईवाल्यांनो जरा थांबा, आमच्या पणजीत एस्कोला मेदिको-सिरूर्जिका १८४२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तुमच्या ग्रँटच्या तीन वर्षं आधी. नावातच सिरूर्जिका आहे, सर्जरी. आणि त्याआधीही जुन्या गोव्यात पोर्तुगीजांचं राजाचं हॉस्पिटल होतं, १५९१ पासून जेजुइट चालवायचे, १८०१ पासून तिथे थोडंफार शिकवणं पण सुरू झालं होतं. माझ्या मावशीचे आजेसासरे एस्कोलातून पास होऊन मोझांबिकला गेले. तेव्हा ही सरळ रेघच होती, गोव्यात शिका आणि आफ्रिकेतल्या वसाहतीत जा. कारण इथली पदवी खुद्द पोर्तुगालात बरोबरीची धरत नसत, तिकडे डॉक्टरकी करायची तर लिस्बनला जाऊन परत शिका. आफ्रिकेतल्या पेशंटला मात्र चालत होती! आशियातलं सर्वात जुनं मेडिकल कॉलेज आमचंच म्हणतात. आता कॉलेज बांबोळीला गेलं, जुनी इमारत मांडवीकाठी आहे, इफ्फीच्या वेळी लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात.

---

शंकासुर

मांडवीकाठ, 'सर्वात जुनं' जरा जपून. कलकत्ता आणि मद्रास दोन्ही १८३५.

कलकत्त्याचं निघालंच आहे तर, १८३६ ला तिथे मधुसूदन गुप्तांनी मढ्यावर सुरी चालवली, उच्चवर्णीय हिंदूने शवविच्छेदन केलं म्हणून केवढी खळबळ. आणि हाच माणूस त्याच सुमाराला सुश्रुतसंहिता पहिल्यांदा छापून काढत होता. एका हातात पोथी, एका हातात सुरी. अशा माणसावर मी शंका घेत नाही.

---

जुनी_पोथी

+१. आपल्याकडेही निर्णयसागर छापखान्याने १९१५ ला डल्हणाच्या टीकेसकट (टीका म्हणजे जुनं भाष्य) सुश्रुत छापला, यादवजी त्रिकमजींनी संपादलेला. आजही अभ्यासक त्यांनी संपादलेलाच पाठ वापरतात. पोथी वाचली म्हणजे वाचली खरी, पण हात नाही वाचला.

---

माळव्यातला_मराठी

होळकरांच्या इंदुरातून राम राम. कपाळाचं नाक १७९४ नंतर संपलं नाही हो. आमच्या इंदूरला रेसिडेन्सी सर्जन कीगन होते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी कितीतरी नाकं केली. पुण्याच्या नाकात एक खोट होती, आतल्या बाजूला अस्तर नव्हतं, त्यामुळे कालांतराने ते आकसायचं. कीगननी उरलेल्या थोटकाचीच कातडी खाली उलटून आतलं अस्तर केलं आणि वरून कपाळाची. १९०० ला त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या आधी जुनागढला त्रिभोवनदास मोतीचंद शहा, त्यांचं १८८९ चं पुस्तक आहे, चार वर्षांत शंभरावर नाकं. तिकडे एक मकराणी दरोडेखोर लोकांची नाकं कापत सुटला होता, लोक म्हणायचे तो कापतो आणि त्रिभोवन जोडतो.

नाकं कापायची एवढी हौस होती म्हणूनच जोडण्याची विद्या वाढली, काय करता. शिक्षा म्हणून नाक, सूड म्हणून नाक, बाईवर संशय आला की नाक. 'नाक कापलं' हा आपला नुसता वाक्प्रचार नाही.

---

कृष्णाकाठची

सगळे मुंबई-पुणे करताय, मिरज कुणी घेतलंच नाही म्हणून लॉगिन केलं!

आमच्याकडे आजी म्हणायची "आता मिरजेला न्यायला लागतंय" म्हणजे समजायचं प्रकरण गंभीर. विल्यम वानलेस, मूळचे कॅनडाचे, मिशनचे डॉक्टर. १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल उघडलं, पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली. आणि १८९७ लाच तिथे मेडिकल शाळा सुरू केली कारण हाताखाली माणसंच नव्हती, पोरं घ्यायची आणि ऑपरेशनला उभी करून शिकवायची. मिरज रेल्वेचं जंक्शन असल्याने कर्नाटकापासून पेशंट यायचे. शाहू महाराजांशी त्यांचा चांगला स्नेह. सांगलीजवळ वानलेसवाडी आहे ती त्यांच्याच नावाची.

आमच्या घरातलं सांगते. पणजोबांचा मुतखडा मिरजेत काढला. त्याआधी गावच्या माणसाने काय काय केलं होतं ते आजी पोरांसमोर सांगायची नाही. पण त्याच गावात हाडवैद्य होते, त्यांनी माझ्या बापाचा खांद्यातून निखळलेला हात एका झटक्यात बसवला, पुढे साठ वर्षं त्या हाताने कुदळ चालवली. म्हणजे गावचे सगळे भोंदू असंही नाही आणि सगळे धन्वंतरी असंही नाही.

---

भायखळा_स्लो

@शंकासुर, तुमचा कुंभाराचा प्रश्न डोक्यात घोळतोय. कॉलेजला इंग्रजी यायला हवं होतं. भाऊ दाजी एल्फिन्स्टनमधून आले होते, तिथे स्वतः शिकवतही होते. वीटभट्टीवरचा पोरगा कुठून येणार? मराठीतून शिकवायचे वर्ग नंतर झाले, १८७८ ला पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल झालं, पण तिथून निघणारे खालच्या दर्जाचे धरले जायचे, हॉस्पिटल असिस्टंट. पुढे १९१२ ला मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स झालं, जुन्या गल्लीबोळातल्या पाट्यांवर एलसीपीएस वाचलं असेल ते तिथलं.

आणि शिकलेल्यांनाही वरची खुर्ची कुठे होती? मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसवाल्या गोऱ्यांना. म्हणून तर १९२६ ला केईएम आणि जीएस कॉलेज निघालं तेव्हा देणगीदारांनी अट घातली की शिकवणारे भारतीयच हवेत आणि सरकारी नोकरीतले नकोत.

---

पेठेतला

माझं मत आता जरा पक्कं होतंय ते मांडतो, पटलं नाही तर हाणा.

आपण 'परंपरा लुप्त झाली' म्हणतो आणि परकीय आक्रमणावर ढकलतो. पण १७९३ ला ती पुण्याबाहेर जिवंत होती, पेशव्यांच्या राजधानीत. इथल्या शास्त्र्यांनी त्या माणसाकडे जाऊन चार ओळी लिहून घेतल्या असत्या तर? पोथी एका वाड्यात आणि हात दुसऱ्या वस्तीत, मधे विटाळ. प्रेत, रक्त, पू याला हात लावणारा खालचा. इंग्रजाने निदान बघून छापलं, नाव विचारायचं मात्र त्यालाही सुचलं नाही. आणि पन्नास वर्षांनी कॉलेज निघालं तेव्हा नाक कसं जोडायचं हे तिथल्या पोरांना बहुधा कार्प्यूच्या वळणाच्या इंग्रजी पुस्तकांतून शिकायला लागलं असणार, तिथून दीडशे किलोमीटरवर जन्मलेली गोष्ट विलायतेला जाऊन परत बोटीने.

---

शंकासुर

शेवटचं वाक्य 'असणार' लावलंय म्हणून सोडतो. बाकी मान्य. विटाळाचा मुद्दा पूर्ण मान्य.

पण एक बोला, तो कुंभार तरी दुसऱ्याला शिकवत होता का? आपल्याकडे विद्या घराबाहेर द्यायची नाही हा रोग वरपासून खालपर्यंत. मुलगा नसला की विद्या संपली. कोहळ्यावर सराव करायचा धडा पोथीत लिहिणारा माणूस निदान शाळा चालवत होता.

---

कृष्णाकाठची

कोहळ्यावरून आठवलं, टाकेघाल्या दादा, खरंच काही साम्य असतं का हो? की आपलं मिळतं ते फळ?

---

टाकेघाल्या

ताई, तुमच्या प्रश्नापायी रविवारी मंडईत जाऊन अख्खा कोहळा आणला. ब्लेडचं हँडल घरी होतंच, जुनं.

तर अनुभव असा. कोहळ्याची साल टणक, वरती ती पांढरी भुकटी, सुरी आधी घसरते. जोर लावला की साल एकदम सुटते आणि सुरी भसकन आत गरात जाते. पहिल्या तीन चिरा वाया. मग लक्षात आलं की साल कापली गेली त्या क्षणी हाताचा जोर काढून घ्यायचा. हेच तर! पोट उघडताना कातडीला जोर लागतो आणि खाली गेल्यावर त्याच जोराने गेलात तर आतडं. हे मला एका ज्येष्ठ सरांनी ओरडून ओरडून शिकवलं होतं, माणसावर. काकडी पण घेतली, ती मात्र लगेच कापली जाते, तिच्यावर शिकायचं ते एकसारखी खोली ठेवणं. म्हणजे त्या यादीतली फळं उगाच नाहीयेत, प्रत्येकाचं वेगळं कातडं आहे. कलिंगडाचा सीझन नाही.

सोमवारी युनिटमधल्या पहिल्या वर्षाच्या दोन पोरांना सांगितलंय, कोहळा आणा. एकाने विचारलं, सर, ऑनलाइन मिळेल का.

घरच्या कोहळ्याला बायकोने फक्त एवढंच विचारलं की सुरी धुतली होती ना. चिरा पडलेला भाग टाकून बाकीच्याचे सांडगे गच्चीत वाळत घातलेत.

---

पेठेतला

भाच्याला धागा पाठवला. त्याचा रिप्लाय आला, "मामा, कोहळा केवढ्याला पडला ते विचार, मेसमध्ये चार जण आहोत."

---

टाकेघाल्या

साठ रुपये. मोठा घ्या, लहानाची साल फार पातळ असते.